गोचीड सर्वेक्षणाची इंटर्नशिप: मैदानात आणि टेबलावर नेमकं काय करायचं?

इंटर्न_नवी

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमातली बारा आठवड्यांची इंटर्नशिप सुरू होते आहे. काम दोन प्रकारचं आहे: गोचिडींचं नियमित निरीक्षण आणि लोकांसाठी प्रतिबंधाचं साहित्य. वाचनात पद्धतींची नावं मिळतात, पण काम करताना कुठे चुकतं ते मिळत नाही. म्हणून थेट विचारते.

कापड ओढून गोचिडी गोळा करताना कापड कसं असावं, किती अंतर ओढावं, कधी ओढू नये? गोळा केलेले नमुने कशात ठेवायचे? ओळख पटवायला सुरुवात कुठून करायची? आणि शेवटी अहवालात कोणता आकडा लिहायचा?

जाणकारांनी हात आखडता न घेता लिहावं ही विनंती.

---

रानवाट

एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. "आज ४३ गोचिडी मिळाल्या" एवढ्याच नोंदीचा काही उपयोग नाही. त्या किती चौरस मीटरवर, कोणत्या पद्धतीने आणि कशा हवेत मिळाल्या हे सोबत असेल, तरच पुढच्या वर्षी त्याच जागी गेलेल्या माणसाला तुलना करता येते. त्यामुळे मोजायची पहिली गोष्ट गोचीड नव्हे, ओढलेलं अंतर.

कापड: पांढरं किंवा फिकट, जाड फ्लॅनेल, १ मीटर × १ मीटर. पुढच्या कडेला शिवण घालून त्यात साधारण सव्वा मीटरची दांडी सरकवा आणि दांडीच्या दोन्ही टोकांना दोरी बांधा. मागच्या कडेला बारीक साखळी किंवा वॉशर शिवून वजन द्या. वजन नसलं की कापड गवतावर तरंगत जातं आणि पाचोळ्याला लागतच नाही. निम्फ, म्हणजे लार्व्हा आणि प्रौढ यांच्या मधल्या अवस्थेतल्या गोचिडी, तर पाचोळ्यातच बसलेल्या असतात. कापड गुळगुळीत नको. त्याला लव हवी, नाहीतर पाय अडकत नाहीत.

ओढण्याची रीत: टेप किंवा जीपीएसने रेघ आखा. सावकाश, सरळ चाला. दर १० ते २० मीटरवर थांबा, कापड उलटवा आणि दोन्ही बाजू तपासा. हे अंतर सोयीसाठी वाढवू नका. गोचीड कापडावर कायमची चिकटत नाही, थोड्या अंतरानंतर गळून पडते. ५० मीटरवर एकदा पाहणाऱ्याला १० मीटरवर पाहणाऱ्यापेक्षा कमी गोचिडी मिळतात, आणि मग दोन जागांमधला फरक खरा की तपासण्याच्या सवयीतला, ते कळायला मार्ग उरत नाही. अमेरिकेच्या सीडीसीच्या (रोगनियंत्रण करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मार्गदर्शनात घनता काढण्यासाठी एका जागी किमान ७५० चौरस मीटर ओढायला सांगितलं आहे. १ मीटर रुंद कापडाने म्हणजे ७५० मीटर चालणं. ते एका सलग रेषेत नको. जागेतल्या वेगवेगळ्या झाडोऱ्यात, पायवाटेच्या कडेला आणि आतही, तुकड्या-तुकड्यांत वाटा.

कधी ओढू नये: पाऊस पडत असताना, झाडोरा दवाने ओला असताना, जोराच्या वाऱ्यात. ओल्या कापडाला गोचिडी धरत नाहीत. कापड ओलं झालं की ते बदला किंवा काम थांबवा. वेळ नोंदवून "ओलीमुळे थांबवलं" असं लिहा. कडक कोरड्या उन्हातही इक्सोडिस वंशातल्या निम्फ अंगातलं पाणी टिकवायला खाली पाचोळ्यात उतरतात. त्या वेळच्या शून्याचा अर्थ "इथे नाहीत" असा लावू नका. "आत्ता वर नाहीत" एवढाच लावा.

नोंदपत्रावर जागेचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, तारीख, सुरू आणि संपल्याची वेळ, तापमान, सापेक्ष आर्द्रता, वारा, झाडोऱ्याचा प्रकार, प्रत्येक तुकड्याचं अंतर, प्रत्येक थांब्यावरची संख्या आणि ओढणाऱ्याचं नाव हवं. ज्या थांब्यावर काही मिळालं नाही तिथे ० लिहा. रकाना रिकामा ठेवलात तर सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येणार नाही की तिथे गोचीड नव्हती की तपासणीच झाली नव्हती.

---

भिंग

रानवाट यांच्या शून्याच्या मुद्द्याला +१. नमुने आणि ओळख यांबद्दल मी लिहितो.

साठवण कशात करायची हे पुढे काय तपासणार यावर ठरतं, आणि ते मैदानात जायच्या आधी ठरायला हवं. फक्त बाह्य रूपावरून ओळख पटवायची असेल तर ७० टक्के इथेनॉल पुरतं. त्यात पाय लवचीक राहतात आणि भिंगाखाली वळवता येतात. डीएनए तपासायचा असेल तर ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथेनॉल घ्या. विषाणू शोधायचा असेल तर बहुधा जिवंत गोचिडीच पाठवाव्या लागतात: कुपीत ओलसर टिपकागदाचा तुकडा, थंड डबा, आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर उणे ८० अंश सेल्सिअस. इथेनॉलमध्ये टाकलेल्या गोचिडीतून जिवंत विषाणू परत मिळवता येत नाही. प्रयोगशाळेला आधी फोन करून त्यांना काय चालतं ते विचारा. संपूर्ण हंगामाचे नमुने चुकीच्या द्रवात गेले की ते दुरुस्त करता येत नाही.

रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडीला इथेनॉल जास्त लागतं, कारण तिच्या पोटातलं पाणी द्रावण पातळ करतं. दहाएक फुगलेल्या माद्या एका छोट्या कुपीत कोंबल्या की आतून कुजतात.

खुणचिठ्ठी पेन्सिलने लिहा आणि कुपीच्या आत टाका. पेनाची शाई आणि बरेचसे मार्कर इथेनॉलमध्ये विरघळतात. बाहेरचं लेबल हा दुसरा आधार, पहिला नव्हे. एक कुपी म्हणजे एक जागा, एक तारीख, एक तुकडा.

ओळख करायला जनावर स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवा आणि हा क्रम पाळा:

आधी पाय मोजा. सहा असतील तर ती नुकती अंड्यातून निघालेली अवस्था, म्हणजे लार्व्हा. आठ पाय असून पोटाखाली जननछिद्र दिसत नसेल तर निम्फ. दिसत असेल तर प्रौढ. नर आणि मादी पाठीवरच्या कठीण ढालीवरून ओळखता येतात. नराची जवळजवळ संपूर्ण पाठ झाकलेली असते, मादीची फक्त पुढची.

मग उलटी करा आणि गुदद्वाराजवळची खाच पाहा. ती गुदद्वाराच्या पुढून वळसा घालत असेल तर इक्सोडिस. मागून जात असेल किंवा अस्पष्ट असेल तर बाकीचे वंश. इक्सोडिसच्या मागच्या कडेला फेस्टून, म्हणजे चौकोनी कप्प्यांची झालर नसते.

मग तोंडाचा भाग. त्याचा पाया वरून षटकोनी आणि तोंड आखूड असेल तर ऱ्हिपिसेफॅलस. चाचपणीच्या अवयवाचा, म्हणजे पॅल्पचा, दुसरा खंड बाजूला टोकदार बाहेर आला असेल आणि डोळे नसतील तर हिमाफायसॅलिस. तोंड लांब, डोळे ठळक आणि पायांवर फिकट पट्टे असतील तर हायलोमा. तोंड लांब आणि पाठीवर नक्षी असेल तर अँब्लिओमाकडे पाहा. नक्षी आहे पण तोंड आखूड आहे, तर डर्मासेंटर.

हे झालं वंशापर्यंत. प्रजातीपर्यंत जायला त्या प्रदेशाची ओळखकिल्ली हवी. निम्फची प्रजात सुरुवातीच्या काळात एकट्याने ठरवू नका. खात्री नसेल तिथे "इक्सोडिस, प्रजात अनिश्चित" लिहिणं हीच बरोबर नोंद. अंदाजाने प्रजात लिहिली की ती नकाशावर जाते, आणि नकाशावरून काढणं फार अवघड असतं.

---

इंटर्न_नवी

रानवाट ताई, भिंग सर, खूप आभार. खाचेचा मुद्दा आता नीट कळला. दोन शंका आहेत. लार्व्हांचा घोळका कापडावर आला तर शेकड्यांनी असतात म्हणे, त्या कशा मोजायच्या? आणि आम्हाला पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेले कपडे घालायला सांगितलं आहे. त्याने कापडावरच्या गोचिडी मरणार नाहीत का?

---

रानवाट

दोन्ही शंका रास्त.

लार्व्हांचा घोळका दिसताच रुंद मास्किंग टेप किंवा कपड्यांवरची लव काढायचा चिकट रोलर फिरवा. टेप पारदर्शक पिशवीत चिकटवून वर तुकड्याचा क्रमांक टाका आणि मोजणी टेबलावर करा. मैदानात चिमट्याने एकेक उचलत बसलात तर अर्ध्या तुमच्या बाहीवर चढतील. लार्व्हांचा आकडा निम्फ आणि प्रौढांमध्ये कधीही मिसळू नका. एका मादीची अंडी एकाच जागी फुटतात, म्हणून एक घोळका सगळी सरासरी उधळून लावतो. "लार्व्हांचे घोळके किती" हा वेगळा रकाना ठेवा.

पर्मेथ्रिनबद्दल: कपडे जरूर वापरा, पण कापडापासून लांब ठेवा. चुकतं ते इथे: लोक कापड आणि फवारलेल्या पॅन्टी एकाच पिशवीत कोंबतात, किंवा थांब्यावर कापड मांडीवर पसरून तपासतात. कापडाला औषध लागलं की त्याला चिकटलेली गोचीड लुळी पडून गळते, आणि तुमच्या नोंदीत खोटा शून्य येतो. कापडाची पिशवी वेगळी, धुणं वेगळं. तपासताना कापड जमिनीवर किंवा स्वच्छ पांढऱ्या पत्र्यावर पसरा. दोरी लांब ठेवा म्हणजे चालताना कापड पोटऱ्यांना लागणार नाही. हाताला डीट, म्हणजे कीटक दूर ठेवणारं औषध, लावलं असेल तर कापड धरण्याआधी हातमोजे घाला. डीट प्लास्टिकही खातं, जीपीएसची काच आणि घड्याळाचा पट्टा जपा.

---

तळटीप

झाडोरा दाट असेल तर कापड ओढताच येत नाही. अशा ठिकाणी काठीला बांधलेला झेंडा फिरवणं जास्त बरं नाही का? मिळतातही जास्त.

---

रानवाट

मिळतात, मान्य. काटेरी झुडपांत झेंडाच हवा. पण झेंड्याने किती चौरस मीटर झाडलं ते सांगता येत नाही, म्हणून त्याचा हिशेब वेळेवर करतात: एका माणसाच्या एका तासाला किती. गोचीड आहे की नाही एवढंच पाहायचं असेल तर झेंडा उत्तम. घनता हवी असेल तर कापड. एकाच तक्त्यात दोन्ही टाकून सरासरी काढू नका.

कोरड्या बर्फाच्या सापळ्याचंही तसंच. पांढऱ्या कापडाच्या मधोमध भोकाचा डबा आणि त्यात कोरडा बर्फ ठेवला की कर्ब वायूच्या मागावर गोचिडी चालत येतात. अँब्लिओमा, हायलोमा अशा धावून येणाऱ्यांसाठी ही पद्धत चांगली. दबा धरून बसणाऱ्या इक्सोडिससाठी कमजोर. गोचीड किती लांबून आली ते माहीत नसतं, म्हणून इथेही क्षेत्रफळ नाही. "एका सापळ्याला इतक्या तासांत किती" एवढंच लिहा. कोरडा बर्फ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू नका, डबा फुटतो. बंद काचांच्या गाडीतूनही नेऊ नका, गुदमरायला होतं.

---

गोठा

पशुवैद्यकीय बाजू जोडतो, कारण कापड ओढून काही प्रजाती जवळजवळ दिसतच नाहीत.

गुरांवरची ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस लार्व्हा म्हणून एकदा जनावरावर चढली की निम्फ आणि प्रौढ होईपर्यंत त्याच जनावरावर राहते. फुगलेली मादी फक्त अंडी घालायला खाली पडते. म्हणजे कुरणात कापडावर तिच्या लार्व्हाच येणार. "निम्फ नाहीत" असा निष्कर्ष तिच्याबाबत काढला तर तो चुकीचाच.

गुरांवरची मोजणी ठरलेल्या रीतीने करा. जनावर नीट बांधलेलं हवं, आणि मालक किंवा सांभाळणारा जवळ हवा. एकाच बाजूच्या, ४.५ ते ८ मिलीमीटर लांबीच्या फुगलेल्या माद्या मोजा आणि दुप्पट करा. याच मापाच्या का? कारण त्या येत्या दिवसभरात गळून पडणाऱ्या असतात, त्यामुळे मोजणीतून रोजचा वेग कळतो. कान, गळ्याखालची पोळी, काख, कास, शेपटीखाली आणि मांड्यांच्या मधे बोटांनी चाचपून पाहा. नुसत्या नजरेने केसांत काही दिसत नाही.

उघड्या हाताने उपटू नका, बोटांत चिरडू तर मुळीच नका. हायलोमा क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाचा विषाणू वाहते. तो चाव्याखेरीज चिरडलेल्या गोचिडीतून आणि बाधित जनावराच्या रक्तातूनही येतो. भारतात २०११ मध्ये गुजरातेत या आजाराचे रुग्ण सापडले, तेव्हा उपचार करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनाही लागण झाली होती. नायट्रिलचे हातमोजे, चिमटा, झाकणाची कुपी हे किमान.

आणखी एक. जनावरावरून काढलेल्या, रक्त प्यायलेल्या गोचिडीत जंतू सापडला म्हणजे ती गोचीड तो आजार पसरवते असं सिद्ध होत नाही. ते जंतू जनावराच्या रक्तातले, नुकतेच गिळलेले असू शकतात. उपाशी, कापडावरून मिळालेल्या गोचिडीत सापडला तर गोष्ट वेगळी, कारण तिने आधीच्या अवस्थेत घेतलेला जंतू कात टाकल्यावरही टिकून राहिलेला असतो. अहवालात "यजमानावरून" आणि "झाडोऱ्यावरून" हे दोन ढीग कायम वेगळे ठेवा.

---

आकडेमोड

शेवटचा प्रश्न आकड्याचा होता, तो सोडवून दाखवतो.

समजा ७५० चौरस मीटरवर ४५ निम्फ मिळाल्या. घनता = ४५ ÷ ७.५ = दर १०० चौरस मीटरला ६. सगळ्या तपासल्या, ९ मध्ये जंतू सापडला. बाधेचं प्रमाण = २० टक्के. आता दोन्हींचा गुणाकार: ६ × ०.२० = दर १०० चौरस मीटरला १.२ बाधित निम्फ. माणसाच्या धोक्याच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा हा तिसरा.

कारण पाहा. दुसऱ्या जागी घनता २ आणि बाधेचं प्रमाण ४० टक्के. नुसते टक्के पाहणारा म्हणेल, ही जागा दुप्पट वाईट. बाधित निम्फची घनता मात्र ०.८, म्हणजे पहिल्या जागेपेक्षा कमी. बातमीत टक्केच जातात. अहवालात तिन्ही आकडे शेजारी-शेजारी द्या.

एकेक तपासायला परवडत नाही तेव्हा पाच-पाच एकत्र करून तपासायचे गट, म्हणजे पूल, करतात. समजा ५० निम्फचे १० पूल केले आणि ४ पूल पॉझिटिव्ह आले. सोपा हिशेब असा: प्रत्येक पॉझिटिव्ह पुलात एकच बाधित धरा, ४ ÷ ५० = ८ टक्के. ही किमान पातळी झाली. एका पुलात दोन बाधित असू शकतात, म्हणून जास्त संभाव्य अंदाज असा निघतो: १ वजा (०.६ चा पाचवा मूळ) = सुमारे ९.७ टक्के. पॉझिटिव्ह पूल कमी असताना दोन्ही आकडे जवळ असतात. निम्म्याच्या आसपास पूल पॉझिटिव्ह आले की पहिला फार मागे पडतो. सगळेच पूल पॉझिटिव्ह आले तर काहीच काढता येत नाही, तेव्हा पूल लहान करून पुन्हा तपासावं लागतं. एका पुलात एकच प्रजात, एकच अवस्था, एकच जागा.

आता शून्य. २० निम्फ तपासल्या, एकही बाधित नाही. "जागा निर्धोक" लिहायचं का? नाही. ढोबळ नियम: शून्य सापडला तर ३ भागिले नमुन्यांची संख्या ही ९५ टक्के विश्वासाची वरची मर्यादा. ३ ÷ २० = १५ टक्के. म्हणजे खरं प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असूनही तुम्हाला शून्य मिळू शकतो. ५० तपासल्या तर ती मर्यादा ६ वर येते. घनतेलाही हाच नियम: ७५० चौरस मीटरवर शून्य मिळाला तर वरची मर्यादा दर १०० ला ०.४. आणि ही मर्यादा कापडाला सापडणाऱ्या गोचिडींची. जमिनीवर असलेल्यांतला थोडाच वाटा कापडावर येतो.

गोचिडी घोळक्याने असतात. दहा तुकड्यांपैकी सातांत ० आणि एकात २०, हे अगदी नेहमीचं. त्यामुळे सरासरीबरोबर प्रत्येक तुकड्याचा आकडा द्या. जागांची तुलना करताना ऋण द्विपद प्रतिरूप वापरा आणि ओढलेल्या क्षेत्रफळाचा लॉग ऑफसेट म्हणून घाला. सामान्य टी-चाचणी इथे दिशाभूल करते.

एक्सेलमध्ये कुपीचे क्रमांक "३-१२" असे ठेवू नका, ते तारखा होऊन बसतात. क्रमांकाची सुरुवात अक्षरांनी करा. अक्षांश-रेखांश दशांश अंशात, पाच दशांश स्थळांपर्यंत घ्या. साधारण मीटरभर अचूकता मिळते.

---

भिंग

वरच्या हिशेबाला एक पुरवणी. गोचिडींमुळे होणाऱ्या लाइम आजाराचा जंतू, बोरेलिया बर्गडॉर्फेरी, मादीकडून अंड्यात जवळजवळ जात नाही. त्यामुळे उपाशी लार्व्हा लाइमसाठी तपासणं म्हणजे रसायनं वाया घालवणं. बोरेलिया मियामोटोई मात्र अंड्यातून उतरतो, तिथे लार्व्हाही जंतूवाहक असू शकते. कोणत्या जंतूसाठी कोणती अवस्था तपासायची, हे यादी करून ठरवा.

शिवाय "सापडली" आणि "स्थिरावली" यांत फरक करा. सीडीसीचा निकष: एका काउंटीत (अमेरिकेतल्या जिल्ह्यात) बारा महिन्यांत एका प्रजातीच्या सहा किंवा जास्त गोचिडी, किंवा तीनपैकी दोन अवस्था सापडल्या तर प्रजात स्थिरावलेली. त्याहून कमी असेल तर फक्त "नोंद". तरी एकट्या नमुन्याला कमी लेखू नका. २०१७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका मेंढीवर हिमाफायसॅलिस लाँगिकॉर्निस सापडली. मूळची पूर्व आशियातली. तिची मादी नराशिवाय पिल्लं देऊ शकते, म्हणजे नवा प्रदेश व्यापायला एक पुरते. ओळखू न येणारी गोचीड दिसली की फोटो काढून त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवा, कुपी राखून ठेवा.

---

जनजागर

प्रतिबंधाकडे येऊया, कारण इंटर्नला बहुतेक वेळा पोस्टरचंच काम मिळतं.

आधी चाव्याचा मजकूर, त्यात एकही शब्द सैल नको. टोकदार चिमट्याने गोचीड कातडीला अगदी लागून, तोंडापाशी धरा. एकसारख्या जोराने सरळ वर ओढा. पिरगाळू नका, झटका देऊ नका. तोंडाचा तुकडा आत राहिला आणि सहज निघत नसेल तर उकरू नका. साबण-पाण्याने किंवा स्पिरिटने जागा पुसा. तेल, रॉकेल, नखपॉलिश, पेटती काडी यांतलं काहीही नाही: गोचीड सुटायची वाट पाहण्यात वेळ जातो, आणि महत्त्व वेळेलाच आहे. लाइमचा जंतू माणसात जायला सहसा २४ तासांहून जास्त चिकटून राहावं लागतं. पण हे वाक्य पोस्टरवर एकटं टाकू नका. गोचिडीतूनच येणारा पोवासान विषाणू १५ मिनिटांतही जाऊ शकतो. "२४ तास आहेत" असा निवांतपणा लोकांत जायला नको.

चाव्याची तारीख आणि जागा लिहून ठेवा. पुढचे ३० दिवस ताप, चट्टा, अंगदुखी झाली तर डॉक्टरांना चाव्याचं आवर्जून सांगा. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, पोस्टर नाही.

अंग तपासायच्या जागा चित्रात दाखवा: केसांची रेघ, कानांमागे, काखा, बेंबी, कमरपट्ट्याखाली, जांघा, गुडघ्यांमागे. निम्फ खसखशीच्या दाण्याएवढी असते. पोस्टरवर फुगलेल्या मादीचा मोठा फोटो छापला की लोक तेवढंच शोधतात, आणि खरी धोक्याची अवस्था नजरेतून सुटते. खऱ्या मापाचं चित्र द्या.

०.५ टक्के पर्मेथ्रिन कपड्यांना आणि बुटांना लावायचं, कातडीला नाही. पूर्ण वाळल्यावरच घालायचं. ओलं असताना मांजरांना घातक, मासे आणि मधमाश्यांनाही. कातडीला २० ते ३० टक्के डीट. पॅन्ट मोज्यांत खोचलेली. घरी आल्यावर दोन तासांच्या आत अंघोळ. कपडे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर १० मिनिटं, आणि तेही धुण्याआधी, कोरडे असताना. गार पाण्याच्या धुण्यात गोचिडी जिवंत राहतात. ड्रायर नसेल तर ५४ अंशांहून गरम पाणी.

अंगण आणि रानाच्या मधे मीटरभर रुंद खडीचा किंवा लाकडाच्या छिलक्यांचा पट्टा, पाचोळा झाडलेला. हे कमी खर्चाचं आहे, जरूर सुचवा. फवारणीबद्दल मात्र जपून बोला. अमेरिकेत घरांच्या अंगणात बायफेंथ्रिन हे कीटकनाशक फवारून केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. गोचिडी ६३ टक्क्यांनी घटल्या, पण घरच्यांच्या अंगावर गोचिडी सापडणं आणि आजार पडणं घटलं नाही. कापडावरचा आकडा खाली आला म्हणजे माणसं वाचली असं धरून चालू नका.

लोकांकडून आलेल्या गोचिडी स्वीकारायला हव्यात असं माझं ठाम मत आहे. आपण वर्षभरात जितक्या जागी पोचू शकत नाही तितक्या जागांहून त्या येतात. आणि त्या माणसाला चावलेल्या असतात, म्हणजे प्रश्नाच्या मुळाशी असतात.

---

भिंग

स्वीकाराव्यात, हे मान्य. पण पाठवणाऱ्याला त्याच्या गोचिडीचा जंतू-अहवाल द्यायला माझा विरोध आहे. पॉझिटिव्ह आली तरी जंतू त्याच्यात गेलाच असं नाही. निगेटिव्ह आली तरी न दिसलेली दुसरी गोचीड असू शकते. आणि निकाल यायला इतका वेळ जातो की माणूस औषधासाठी त्याची वाट पाहत बसतो. हा शेवटचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो.

---

जनजागर

यावर दुमत नाही. पाठवणाऱ्याला प्रजात, अवस्था, फुगलेली होती की नाही आणि लक्षणांची यादी एवढंच उत्तर दोन-तीन दिवसांत द्यावं. अर्जातच ठळक लिहावं: "हे निदान नाही." अर्जात मागच्या दहा दिवसांतला प्रवास विचारा, नाहीतर सहलीहून आलेली गोचीड घराच्या पत्त्यावर नकाशात जाते. फोटो मागवताना वरून आणि खालून असे दोन, शेजारी मोजपट्टी ठेवून. आणि नकाशा रंगवताना ध्यानात ठेवा, जिथे माणसं जास्त आणि जागरूक, तिथून गोचिडी जास्त येतात. ही घनता नव्हे.

---

देवराई

माकडतापाच्या पट्ट्यात हेच सगळं लागू पडतं का?

---

गोठा

पद्धत तीच, पण सुरक्षेची पातळी वेगळी. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या आताच्या शिवमोग्गा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१६ मध्ये महाराष्ट्रात सिंधुदुर्गात त्याची साथ आली. मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, आणि माणसाला बहुतेक निम्फच चावतात. कोरड्या महिन्यांत, साधारण डिसेंबर ते मे, लोक सरपण आणि पाल्यासाठी रानात जातात. निम्फही तेव्हाच जास्त असतात.

इथे निरीक्षणाची पहिली खूण कापडावर नाही, मेलेल्या माकडात आहे. वानर किंवा लाल तोंडाचं माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून आसपास पसरतात आणि ती जागा घातक होते. इंटर्नने माकडाला हात लावायचा नाही, जवळही जायचं नाही. ठिकाण आणि वेळ नोंदवून लगेच आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांना कळवायचं. हा विषाणू प्रयोगशाळेतल्या लोकांनाही लागलेला आहे. त्यामुळे या पट्ट्यातल्या गोचिडी कुटणं, पूल करणं हे उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेचंच काम.

आणि इथे पोस्टरवर "रानात जाऊ नका" लिहू नका. ज्यांचं पोट रानावर आहे ते जाणारच. जाण्याआधी अंगाला लावायचं गोचीड-प्रतिबंधक तेल, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ, पाला अंगणात न पसरणं, तापाच्या पहिल्याच दिवशी रक्ततपासणी. हे त्यांना करता येतं.

---

इंटर्न_नवी

इतकं सगळं बारा आठवड्यांत कसं बसवायचं? सहा जागा सुचवल्या आहेत.

---

रानवाट

सहा नकोत. तीन घ्या आणि त्यांवर दर दोन आठवड्यांनी जा. सहा जागांवर एकेकदा गेलात तर एखादी जागा कमी का आली, ती कमी आहे म्हणून की तुम्ही निम्फच्या भरापूर्वी गेलात म्हणून, ते सांगता येणार नाही. भर कधी होता हे तो ओसरल्यावरच कळतं.

पहिले दोन आठवडे जागांची परवानगी, सामान, आणि टेबलावर आधी ओळखलेल्या नमुन्यांवर सराव. नमुन्यांची नावं झाकून किमान पन्नास ओळखा आणि भिंग सरांसारख्या कोणाकडून तपासून घ्या. कुठे चुकताय त्याची यादी करा. तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत मैदान: एक दिवस ओढणं, दुसऱ्या दिवशी ओळख आणि नोंद. नमुने आठवडाभर साचू देऊ नका, तुकड्याचे क्रमांक घोटाळतात ते तेव्हाच. पोस्टरचा कच्चा मसुदा पाचव्या आठवड्यात दहा-बारा जणांना दाखवा आणि "आता गोचीड दिसली तर काय कराल, करून दाखवा" असं सांगा. "आवडलं का" विचारू नका. चिमटा कुठे धरतात ते पाहा. शेवटचे दोन आठवडे हिशेब आणि लेखन.

मैदानात एकटीने जाऊ नका. दर थांब्यावर एकमेकींच्या पाठीकडून आणि मानेकडून नजर फिरवा. टोकदार चिमटा गळ्यात अडकवलेला असावा, सॅकच्या तळाशी नको. लहान सस्तन प्राण्यांचे सापळे लावायला कोणी सांगितलं तर आधी प्राणी-नीतिसमितीची आणि वनखात्याची परवानगी लेखी मागा.

निघताना पुढच्या इंटर्नसाठी एक फाइल ठेवा: प्रत्येक रेघेच्या सुरुवातीचे आणि शेवटचे अक्षांश-रेखांश, रेघेचा दोन्ही टोकांहून फोटो, कापडाचं आणि वजनाचं माप, किती मीटरवर तपासत होता ते, आणि कच्ची नोंदपत्रं स्कॅन करून. कापडही तिथेच ठेवा, धुऊन, वाळवून, वेगळ्या पिशवीत, "औषध लावू नये" अशी चिठ्ठी लावून.